तीस मिली, चार थेंब पाणी

सिंगल माल्ट कशी प्यायची हे मला दादाने शिकवलं आणि दादाला त्याच्या मुलीने व्हिडिओ कॉलवर. माझा हा थोरला भाऊ रेल्वेत गार्ड होता. ड्यूटीवर चढण्याआधी मशीनमध्ये फुंकून दाखवावं लागायचं, म्हणून नोकरीभर त्याने कशालाही हात लावला नाही. लग्नाच्या वरातीत बाकीचे गाडीमागे प्यायला गेले की तो मंडपात बसून सगळ्यांची पाकिटं आणि चष्मे सांभाळायचा. तो निवृत्त झाला त्या वर्षी मुलगी परदेशातून आली ती विमानतळावरच्या दुकानातून एक बाटली घेऊन. स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरची. साठाव्या वर्षी दादाने आयुष्यातला पहिला घोट घेतला तो स्टीलच्या ग्लासातून, बर्फ आणि सोडा घालून, मसाला शेंगदाण्यांसोबत. पुढे कधीतरी मुलीने ते फोनवर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, ते सरबत नाही," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला तिने दोन ग्लास आणले, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तीच बाटली पुन्हा पुन्हा येत राहिली. खाली पोट, वर निमुळतं तोंड. मग आम्ही रीतसर शिकलो. मी एका सरकारी कार्यालयात भांडार सांभाळतो. नग, स्थिती, शेरा असे रकाने आखल्याशिवाय मला कुठल्या कामाला सुरुवात करता येत नाही. त्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता, कुडव्यातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर, जिथे दादा-वहिनी राहायचे, रस्त्याकडच्या खिडकीपाशी जे चालायचं त्याचीही वही झाली.

त्या वहीतून सांगतो. बर्फ नको, थंडीने वास मरतो. सोडा नको. चिवडा, शेंगदाणे, लोणचं काहीही जवळ नको. खायचं असेल तर आधी तासभर किंवा नंतर. माप तीस मिली, खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने. ओतल्यावर दहा-बारा मिनिटं ग्लासाला हात लावायचा नाही. मग नाक ग्लासात खुपसायचं नाही, तोंड किंचित उघडं ठेवून कडेवरून वास घ्यायचा. त्यानंतर पाणी. ते थेंबाने. आम्ही लहान मुलांच्या औषधाचा ड्रॉपर वापरायचो. मुलीने एक-दोन थेंब सांगितले होते, पण आमच्या बाटलीला चार लागायचे. चौथ्या थेंबाला वास उलगडतो, सहाव्याला पातळ होतो; हे आम्ही तीन शनिवार घालवून ठरवलं. घोट छोटा, जिभेवर सगळीकडे फिरवून मनात पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा. आणि बाटली उभीच ठेवायची, आडवी नाही, उन्हात नाही.

आमच्याकडच्या उन्हाळ्यासाठी एक नियम आम्हीच घातला होता. कूलरच्या ताट्यांना वाळ्याचा असा दाट वास असतो की त्यापुढे कुठलीच व्हिस्की टिकत नाही. म्हणून मे महिन्यात पहिली वीस मिनिटं कूलर बंद. घाम गळायचा, दादा बनियनवर बसायचा आणि वास सांगायचा. मी लिहायचो. ती बाटली धुराची होती. मला त्यात नेहमी दवाखान्यातली पट्टी यायची. दादाला कधी ओल्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, धूर, कधी सुकी मासळी, कधी इंजिनाच्या शेडमधली तेलाची चिंधी.

"लिही रे, तेलाची चिंधी."

मी लिहायचो. त्याखाली माझं: पट्टी.

"तुले पट्टीच येते. दुसरं काही हुंगलं का जिंदगीत?"

दोन वर्षांनी दादाला हार्ट अटॅक आला. नागपूरच्या डॉक्टरांनी एक यादी दिली. तिच्यात मीठ होतं, जिने होते आणि दारू होती. घरी आल्यावर वहिनींनी त्याला देवघरासमोर उभं केलं आणि स्वतःच्या डोक्यावर त्याचा हात ठेवून शपथ घ्यायला लावली. थेंब पोटात जाणार नाही. दादाने घेतली. आमच्याकडे ही शपथ हलकी धरत नाहीत. ज्याच्या डोक्यावर हात ठेवला, मोडली तर त्याला लागते, असं मानतात.

पण वासाबद्दल शपथेत काही नव्हतं. वहिनींनीच तोड काढली. तुम्ही हुंगा, भाऊजी पितील. तेव्हापासून शनिवारी दोन ग्लास भरायचे, दादा दोन्हींचा वास घ्यायचा, आधी मी माझा संपवायचा, मग त्याचा. सगळं मिळून तास लागायचा. दर वेळी ओतून झालं की मी बाटलीच्या कागदावर पेन्सिलने पातळीची रेघ मारायचो. संशय म्हणून नाही. सवय.

तो शनिवार मे महिन्यातला. वहिनी सौंदडला माहेरी गेल्या होत्या, भाच्याचं लग्न होतं. मी ओतलं, थेंब टाकले, रेघ मारली, कूलर बंद केला. दादाने वास घेतला आणि आज मासळी नाही, म्हणाला. माझा ग्लास संपत आला होता तेव्हा बायकोने खालून हाक मारली. पाण्याची मोटर जळाल्याचा वास येत होता. मी रिकामा ग्लास हातातच घेऊन उतरलो. मोटर उघडली, तार शोधली, घामाने निथळलो. आंघोळ केली तोवर ताट वाढलेलं होतं. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून वर ओरडलो की दादा, मी आता येत नाही, जेवतो.

"अरे, हा राहिला ना," तो वरून म्हणाला.

"राहू दे. उद्या पाहू."

सकाळी साडेसहाला मी पेपर घेऊन वर गेलो. दादा खुर्चीतच होता. डॉक्टर म्हणाले, रात्री झोपेतच गेले.

नऊपर्यंत वहिनी आल्या. दुपारी, सगळं आटोपून बायका त्यांना घेऊन बसल्या होत्या, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं.

"भाऊजी, त्यायनं घेतली होती का?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "मी होतो ना."

मला हे बोलायचं नव्हतं. पण तिसऱ्या पायरीवरून काय ओरडलो ते मला त्या खोलीत, इतक्या लोकांत सांगता आलं नाही, आणि एकदा नाही सांगितलं की पुढे सांगायची जागाच सापडत नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं. शेवटपर्यंत जवळ होतो. लोक म्हणायचे, नशीब दादाचं.

तेरवीच्या दिवशी मी यादी केली. वरची खोली: चादरी धुवायला, उरलेली औषधं दुकानात परत, चष्मा मुलीला, ग्लास धुणे. संध्याकाळपर्यंत सगळ्यावर खुणा झाल्या. दादाचा ग्लास तेरा दिवस खिडकीच्या कट्ट्यावर तसाच पडला होता. मी तो नळाखाली धरला, पुसला, माझ्या ग्लासाशेजारी कपाटात ठेवला. तो आतून कसा होता, ते मला आठवत नाही. चादरी किती होत्या ते आठवतं. सात.

वास यायला लागला तो दिवाळीच्या सुमारास. मी वहिनींची चौकशी करायला दर शनिवारी सातला वर जायचो, आणि एका शनिवारी तिसऱ्या पायरीवर धुराचा वास आला. तणस नव्हतं, डासांची उदबत्तीही नव्हती. तीच बाटली. वर गेलो तर वहिनी कुकर लावत होत्या. पुढच्या शनिवारी पुन्हा आला, त्याच पायरीवर. मी खाली येऊन कागद घेतला. शक्यता: बुचाला फट. उंदीर. शेजारी काही जाळतात. माझं नाक. एकेक तपासलं. शेजारी गॅसवर स्वयंपाक होता, उंदराची लेंडी नव्हती, नाक बायकोच्या फोडणीवर बरोबर चालत होतं. राहिलं बूच. कपाट उघडून बाटली उजेडात धरली. पातळी माझ्या शेवटच्या रेघेच्या दोन बोटं खाली होती.

व्हिस्की बुचातून उडते हे मी वाचलं होतं. पिंपात असतानाही दरवर्षी थोडी उडते. पण सहा महिन्यांत दोन बोटं जास्त वाटली. मी नवी रेघ मारली, बुचाभोवती टेप गुंडाळली आणि पंधरा दिवसांनी पाहिलं. टेप जशीच्या तशी होती. व्हिस्की अर्धं बोट कमी झाली होती.

मी अशा गोष्टी मानणारा माणूस नाही. तरी त्यानंतर मी सातला वर जाणं सोडलं. बायकोला गुडघ्याचं कारण सांगितलं आणि सकाळी जाऊ लागलो. पण खालच्या खोलीत बसलो तरी सात वाजले की कान जिन्याकडे लागायचा. एकदा गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला निघालो, तिसऱ्या पायरीवर वास आला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आलो, दादा." बायको खालून म्हणाली, कोणाशी बोलून राहिले. मी कपडे न काढताच उतरलो.

जानेवारीतल्या एका रविवारी भर दुपारी वहिनींच्या खोलीतला पडद्याचा दांडा निघाला म्हणून मी स्क्रू घेऊन गेलो. पडदा बाजूला केला. कट्ट्यावर, दादाच्या खुर्चीशेजारी, त्या दोनांतला एक ग्लास होता. पाव भरलेला. मी वाकून वास घेतला. पट्टी. वहिनी ओले हात पदराला पुसत आतून आल्या आणि मला तसं उभं पाहून दारातच थांबल्या.

"तो नका उचलू," त्या म्हणाल्या. "वाळून राहिला."

मला कळेना. मग त्यांनी खाली बसून सांगितलं. दादा गेल्यावर आठव्या दिवशी त्यांची नजर त्या ग्लासावर पडली होती. तळाशी लालसर काहीतरी वाळलं होतं. तेव्हा त्याचा विचार केला नाही. तेरवीनंतर डोक्यात आलं की प्यायलेला ग्लास वेगळा वाळत असेल आणि न प्यायलेला वेगळा. खोलीत जाऊन पाहिलं तर ग्लास धुऊन कपाटात. म्हणून दिवाळीपासून त्या थोडं थोडं ओतून ठेवत होत्या आणि आतून कसं दिसतं ते पाहत होत्या. अंदाजाने ओतायच्या, कधी कमी पडायचं, कधी जास्त. टेप काढून पुन्हा लावायच्या, माझ्याच खणातली.

"पण हिवाळ्यात नाही वाळत, भाऊजी. पंधरा-पंधरा दिवस ओलाच राहते. अन् मी किती टाकावं तेबी मले समजत नाही."

मी त्यांना म्हणालो, वहिनी, तुम्ही धडधाकट आहात. शपथ मोडली असती तर तुम्हाला लागली असती.

"मी जित्ती आहो म्हणजे मोडली नसंल, असंच समजतो मी," त्या म्हणाल्या. "पण समजून अन् समजून किती दिवस काढाचे? एवढे वर्ष संसार केला. त्यायनं शब्द पाळला का नाही, तेवढंच मले पाह्यचं आहे. मंग फेका बाटली."

ग्लास धुणारा मीच, हे त्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही 'मी होतो ना' पुन्हा म्हणालो नाही. मात्र खरं बोलण्याऐवजी मला जे येतं ते मी केलं. मी म्हणालो, मेपर्यंत थांबू आणि नीट करू. बाटलीत चार मापं निघतील एवढी उरली आहे, आता थेंबही घालवू नका.

चार महिने मी त्या शनिवारच्या संध्याकाळबद्दल विचार करत राहिलो. वाटायचं, सांगून टाकावं, म्हणजे हा प्रयोगच नको. मग वाटायचं, सांगून काय सांगणार? तो एकटा होता एवढंच. प्याला की नाही, ते मलाही माहीत नव्हतं. रात्री नाही, तर ऑफिसात रजिस्टर लिहिताना ते सतावायचं. वास घेणारा माणूस, समोर भरलेला ग्लास, आणि खालून आलेलं 'उद्या पाहू'. मलाही ते ग्लासावरूनच कळणार होतं.

मेमध्ये वर्षश्राद्धाच्या आधी नऊ दिवस आम्ही मांडणी केली. ग्लास तेच दोन. टोपणाने तीस-तीस मिली, चार-चार थेंब. कूलर वीस मिनिटं बंद. एक ग्लास मी नेहमीसारखा प्यालो आणि रिकामा ठेवला. दुसरा तसाच भरलेला. ते ठेवायची जागा वहिनींनी दाखवली, इथे नाही, जरा तिकडे, ऊन येत होतं तिथे. ग्लासांखाली मी चिठ्ठ्या ठेवल्या. घरात कोणी हात लावायचा नाही असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही दोघं काय पूजा मांडली का?

भरलेला ग्लास पाचव्या दिवशी आटला. आठव्या दिवशी दुपारी वहिनींनी मला वर बोलावलं. प्यायलेल्या ग्लासाच्या तळाशी एक-दोन फिक्या पिवळ्या ठिपक्यांखेरीज काही नव्हतं. दुसऱ्याच्या तळाला तांबूस, चिकट, गुळाच्या पाण्यासारखा थर होता. फरक इतका स्वच्छ होता की मला हायसं वाटलं. आता त्या बोट ठेवतील आणि संपेल.

त्यांनी एकेक ग्लास खिडकीकडे धरला. खाली ठेवला. पुन्हा उचलला. चष्मा काढून पुसला.

"याच्यासारखा नव्हता," त्या म्हणाल्या. मग दुसरा. "याच्यासारखाबी नव्हता."

"म्हणजे?"

"दोघाच्या मधातला होता. लाल होता, पण एवढा नाही."

त्यांना कळलं होतं आणि मलाही. एक घोट. फार तर दोन. बाकीचा त्याने ठेवून दिला.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या दिवशी मी कमी ओतलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कपाटातून बाटली आणली आणि माझ्यासमोर धरली. कागदावर दादा गेला त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांच्या माझ्या रेघा होत्या, शनिवारामागे शनिवार, सारख्या अंतराच्या. शेवटच्या शनिवारची रेघही त्याच अंतरावर होती.

"तुम्ही कमी नाही ओतत, भाऊजी."

मग मी सांगितलं. मोटर, आंघोळ, ताट, तिसरी पायरी. तो काय म्हणाला आणि मी काय म्हणालो. एका वर्षात तयार केलेली वाक्यं त्यातली एकही आली नाही. यादी वाचल्यासारखं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि दोन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवून कडा जुळवत होत्या.

"साडेआठले त्यायचा फोन आला होता मले," त्या म्हणाल्या. "म्हणे, तो खाली जेवून राहिला, त्याचा ग्लास माझ्यापाशीच आहे. मी म्हटलं, झाकून ठेवा अन् झोपा. म्हणे, नाही, येईन तो, थोडा वेळ पाहतो."

मी विचारलं की मग त्याच दिवशी मला का नाही म्हणालात.

"तुम्ही म्हटलं, मी होतो ना. अन् रडून राहिले होते. मी काय म्हणू?" त्यांनी बाटली परत कपाटात ठेवली. "मले वाटलं काही मोठंच लपवून राहिले. म्हणून तं ग्लास मांडले."

"आणि शपथ?"

"मोडली असंल एका घोटाची," त्या म्हणाल्या. "वाट पाहून पाहून घेतला असंल. माझ्या डोक्याले काही झालं नाही."

वर्षश्राद्ध झालं. मुलगी आली, गेली. बाटली टाकायची की नाही याबद्दल कोणी काही बोललं नाही, आणि माझ्या यादीतही मी ते लिहिलं नाही. पुढच्या शनिवारी सात वाजता वहिनींनी वरून हाक मारली. गेलो तर कूलर बंद होता. कट्ट्यावर एकच ग्लास होता, टोपणाने मोजून भरलेला, शेजारी ड्रॉपर. बाटलीत आणखी एक माप राहिलं होतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "पूर्ण संपेपर्यंत बसा."

दादाची खुर्ची समोर होती. मी थेंब टाकले, बारा मिनिटं थांबलो, वास घेतला. त्या दाराजवळ पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. वास काय येते, असं त्यांनी एकदा विचारलं, आणि मला पहिल्यांदाच पट्टीऐवजी तेल आलं. ते मी सांगितलं नाही. साडेसातला बायकोने खालून जेवायला हाक मारली. मी उठलो नाही. तिने दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा वहिनींनी ताटातले खडे बाजूला केले आणि उत्तर मी द्यायची वाट पाहू लागल्या.

"वेळ लागेल," मी खाली ओरडून सांगितलं. "तू जेवून घे."